शंख-शिंपले ओळखताना या चुका टाळा

द्वारकेहून परतलं की बडोद्यातल्या आमच्यासारख्या घरांत पिशवीभर शंख-शिंपले येतात आणि मुलं ढीग लावायला बसतात. पांढरे इकडे, ठिपक्यांचे तिकडे. पहिली चूक तिथेच होते. एकाच जातीत रंग वेगवेगळे असतात, उन्हाने उडतातही. बघायची ती घडण.

भाचीने एक सुटी शिंप दाखवली. "मावशी, हा प्राणी एकाच शिंपेचा ना?" मी ती पालथी केली. काठाला बिजागरीचे बारीक दात, आत स्नायू चिकटल्याचे दोन वण. म्हणजे जोडीतली एक बाजू; दुसरी समुद्रातच राहिलेली. लिंपेट या खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्याची टोपी मात्र खरोखर एकटी असते. तिला बिजागरी नसते, आत घोड्याच्या नालेसारखा वण असतो. ती गोगलगायीच्या वर्गातली, उदरपाद.

कवडीची फट बघून तिला शिंपला समजू नका. तीही गोगलगायच. तिचा शेवटचा वेढा वाढत जाऊन आधीचे सगळे वेढे झाकून टाकतो, कोवळ्या कवडीचं टोक अजून दिसतं.

खडकाला चिकटलेले बार्नेकल हे कवचवाले छोटे प्राणी तर मृदुकायच नाहीत, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या मऊ अंगाच्या गटातले नाहीत. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनिअसनेही १७५८ साली त्यांना शंख-शिंपल्यांत घातलं होतं. १८३० साली निसर्गअभ्यासक जॉन व्हॉन थॉम्सन यांनी त्यांची पिल्लं वाढताना पाहिली, तेव्हा ते खेकड्या-कोळंबीचे नातलग असल्याचं कळलं.

सर्वांत महागात पडते ती दक्षिणावर्ती, म्हणजे पूजेत उजवा मानलेल्या, शंखाची चूक. शास्त्रात शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरतात. तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा. देवघरात निमुळती नळी वर धरतात, म्हणून बाजू उलटते. आपला दुर्मिळ दक्षिणावर्ती पुस्तकात डावा ठरतो तो त्यामुळे.

सासूबाईंनी तीर्थक्षेत्री एका दुकानातून असा शंख श्रद्धेने, बरेच पैसे मोजून आणला. तो निघाला अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लायटनिंग व्हेल्क या समुद्री गोगलगायीचा, ज्या जातीत डावी वळणंच सर्रास असतात. त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. घेण्याआधी तोंडातून आतल्या मधल्या दांड्यावर बोट फिरवा. आपल्या पूजेच्या शंखाला, टर्बिनेला पायरमला, तिथे तीन-चार ठळक वळ्या लागतात. त्या व्हेल्कचा दांडा गुळगुळीत असतो.