यंत्रमागावरच्या माणसांचं काम कसं टिपून ठेवायचं : इचलकरंजीवरून सांगतो

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि संस्थानचे नारायणराव बाबासाहेब घोरपडे त्यांच्या पाठीशी होते, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्या मागासमोर उभा कोण राहायचा, त्याला मीटरला किती मिळायचं, धागा तुटला की तो आधी कशाला हात लावायचा, हे विचारा आणि बघा किती जण सांगतात ते. आणि आता घाई आहे कारण साधे माग किलोवर भंगारात चाललेत, त्या जागी रेपियर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे वेगवान माग येतायत, आणि ज्यांच्या हातात ते जुनं काम होतं ते सत्तरीच्या पुढं गेलेत. म्हणून कुणाला हे टिपून ठेवायचं असेल, इचलकरंजीत, सोलापुरात, मालेगावात किंवा जिथं असाल तिथं, तर कसं करायचं ते लिहितोय. उदाहरणं सगळी इचलकरंजीची आहेत कारण मला तेच कळतं.

आधी काम निवडा, गाव नाही

"शहराचा कामगार इतिहास" असलं काही हातात घेऊ नका, दोन महिन्यांत दम लागतो आणि हातात नुसती प्रस्तावना राहते. कापड होण्याची साखळी कागदावर काढा. सूत येतं, वार्पिंग होतं म्हणजे उभे धागे एकत्र गुंडाळतात, सायझिंगला त्यांना खळ लागते, मग वहिफणी, मग माग, मग तपासणी, घडी, आणि शेवटी व्यापाऱ्याच्या पेढीवर तागे. बाजूला कांडी (आडव्या धाग्याची नळी) भरणारे, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, दिवाणजी, हमाल, टेम्पोवाले, धोटे (ती कांडी घेऊन मागावर इकडून तिकडं पळतात ते) आणि मागाचं लाकडी काम करणारे सुतार, स्पेअर पार्टची दुकानं, चहावाला. यातलं एकच काम धरा. माझं मत विचाराल तर वहिफणी घ्या. दोघं जण बीमच्या, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाच्या, दोन बाजूंना बसतात, एक धागा पुढं करतो, दुसरा आकड्यानं तो वहीतून (धागे वर-खाली करणारी मागाची चौकट) आणि फणीतून ओढतो, असे हजारो धागे, एक चुकला तर पूर्ण ताग्यात रेघ दिसते. एवढ्या नजरेच्या कामाचा एक धड फोटो सापडत नाही कारण कॅमेरावाला येतो तो सरळ मागाकडं जातो.

घरचा अभ्यास थोडाच करा. आपटे वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं, 1960 चं कोल्हापूर जिल्हा गॅझेटियर, कामगार संघटनांची पत्रकं चाळा, तेवढं पुरे. जास्त वाचून गेलात की समोरच्या माणसाला तुम्हीच शिकवायला लागता.

माणसं कुठून आणि कुणामार्फत

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथंच बहुतेकांचं फसतं. मालकाच्या ओळखीनं कारखान्यात गेलात की कामगार मालकाला चालेल तेवढंच बोलणार. युनियनच्या ओळखीनं गेलात तर भाषण ऐकायला मिळेल, तेही ठेवा, पण ती मुलाखत नव्हे. सगळ्यात बरी वाट म्हणजे रिटायर झालेला जॉबर. तो पन्नास कारखान्यांत हिंडलेला असतो, मालकाशीही बोलतो, कामगाराशीही, आणि त्याला कोण खरं बोलतं ते माहीत असतं. चहाची टपरी, भजनी मंडळ, कट्टा, हे त्यानंतर.

यादी करताना फक्त मागवाले बाप्ये घेऊ नका. कांडी भरणाऱ्या आणि तपासणी-घडी करणाऱ्या बायका घ्या, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं, त्यामुळं त्या पहिल्यांदा "आमचं काय काम, आम्ही नुसत्या कांड्या भरायचो" असं म्हणतात, तिथं उठायचं नाही. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले घ्या, कर्नाटकातून रोज ये-जा करणारे घ्या.

आणि खर्चीवाला विसरू नका. बाहेरच्या माणसाला हा प्रकार समजत नाही म्हणून जरा सांगतो. खर्चीवाल्याचे माग स्वतःचे, शेड स्वतःचं नाहीतर भाड्याचं, पण सूत व्यापाऱ्याचं, आणि त्याला मिळते ती मजुरी. ती ठरते पिकावर. आडवा एक धागा म्हणजे एक पीक, इंचात किती पिकं बसली त्यावर कापडाची घनता. समजा दर पिकाला 6 पैसे आहे आणि कापड इंचाला 52 पिकाचं आहे, तर 52 गुणिले 6, मीटरला 3 रुपये 12 पैसे झाले, हिशोब इंचातल्या पिकांवरच धरतात. त्यातून लाईटबिल, कामगाराचा पगार, जॉबर, कांडी, तेल, पार्ट, सगळं भागवायचं. हा माणूस मालक का मजूर, हे तुम्ही ठरवू नका, त्याला विचारा, दोन खर्चीवाल्यांची उत्तरं दोन असतील.

परवानगी

एका पानाचा मराठी कागद करा. काय रेकॉर्ड करतोय, कुठं ठेवणार, नाव द्यायचं का बदलायचं, नंतर नको वाटलं तर काढून टाकता येईल, एवढं त्यात असलं पाहिजे. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवा आणि "हो" रेकॉर्डवर घ्या. मालक, मुकादम, युनियन यांच्याबद्दल कुणी कडू बोललं तर तो भाग वेगळा करून काही वर्षं बंद ठेवायचा, विचारून. माणसाला त्याच गल्लीत राहायचंय, तुम्ही निघून जाणार.

आणि पाळी चालू असताना मुलाखत मागू नका, अजिबात. पगार मीटरवर असतो. तुमच्याशी अर्धा तास बोलण्यात जे कापड गेलं ते त्याच्या खिशातून गेलं.

विचारायचं काय

"तुमचं आयुष्य कसं होतं?" असं विचारलंत की उत्तर येणार "काय सांगायचं, लई कष्ट काढले बघा". खरंय ते, पण त्यातून काम दिसत नाही. हातांबद्दल विचारा. मामा, पहिल्या दिवशी काय करायला दिलं? कुणी शिकवलं, शिकेपर्यंत पैसे मिळत होते का? एकटे किती माग बघायचे, चार, सहा, का आठ? एकावर कांडी बदलेपर्यंत दुसरा बंद पडला तर कुठं आधी पळायचं? मागाचा आवाज बदलला की काय बिघडलं ते कसं कळायचं? जुना साधा माग मिनिटाला दीडशेच्या वर धोटा फेकतो, त्यात एखाद्या ठोक्याचा फरक ओळखणारी माणसं आहेत, त्यांना तो आवाज तोंडानं काढून दाखवायला सांगा. धोटा उडाला कधी? कुणाला लागला? पट्टा, दांडी, दाती, कुठला पार्ट सगळ्यात जास्त मोडायचा?

त्या खडखडाटात एकमेकांशी बोलायचे कसे हे हमखास विचारा. हातवारे असतात, ओठांवरून ओळखणं असतं, आणि पाणी, जॉबर, मालक आला, यासाठी ठरलेल्या खुणा असतात. त्या करून दाखवताना व्हिडिओ घ्या. घरी गेल्यावरही मोठ्यानं बोलायची सवय कशी लागली ते बायकोला विचारा, ती जास्त चांगलं सांगते.

पैशाचे प्रश्न तासाभरानंतर. उचल किती घेतली होती, ती फिटायच्या आधी कारखाना सोडता यायचा का, दिवाळीचा बोनस कशावर धरायचे, लाईट गेली तर पगार कापला जायचा का पुढं पाळी वाढवायचे. तब्येतीचंही हळूच विचारा, कान आणि छाती दोन्ही.

रिवाजाचं वेगळं बसून विचारा. खंडेनवमीला माग धुऊन पुसून हार घालतात, नारळ फुटतो, त्या दिवशीचा बारीकसारीक तपशील घ्या: पूजा कोण करतं, मालक का कामगार, धोटा कुठं ठेवतात, पेढे कुणाला, कपडे कुणाला, आणि माग पुन्हा सुरू करताना काही पाळतात का. देवांग कोष्टी घरांत चौंडेश्वरीचं काय असतं, हातमागाच्या काळातल्या कुठल्या गोष्टी यंत्रमागावर आल्या आणि कुठल्या सुटल्या. परप्रांतातून आलेली पोरं विश्वकर्मा पूजा करतात का, त्यात कोण कोण येतं. आज चालू असलेला रिवाज पण तेवढाच कामाचा आहे, जुनं तेवढंच धरून बसू नका.

रेकॉर्डिंग

शेडमध्ये मुलाखत होत नाही, काहीच ऐकू येत नाही. बोलणं घरी नाहीतर देवळात, पंखा बंद करून, फोन फ्लाईट मोडवर, साधा कॉलर माईक लावून. जमलं तर वेव्ह फाईल घ्या, एमपीथ्री नको. शेडमध्ये नंतर वेगळं जायचं आणि फक्त आवाज घ्यायचा: एक माग सुरू होताना, मग एकेक करत सगळे, आणि लाईट गेल्यावर अख्खं शेड गप्प होतं ते. व्हिडिओला ट्रायपॉड लावा आणि हातांवर धरून न हलता पूर्ण क्रिया घ्या. कांडी बदलणं, तुटलेला धागा जोडणं, नवीन बीमचे धागे जुन्याला गाठ मारून घेणं. झूम नको, आणि देवाशप्पथ सांगतो, खाली सतारीचं म्युझिक लावू नका.

कागद

घरोघर ट्रंकेत खजिना असतो. हजेरीची वही, पगाराची चिठ्ठी, खर्चीची वही, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, संपाची हँडबिलं, कारखान्याच्या पूजेचा ग्रुप फोटो. हे घरातून बाहेर न्यायचं नाही. खिडकीच्या उजेडात, सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, आणि फोटोत कोण कोण आहे ते तिथल्या तिथं रेकॉर्ड करून घ्यायचं, कारण मागच्या रांगेतल्यांची नावं सांगणारं माणूस बहुतेक घरात एकच उरलेलं असतं.

तारखा कशा लावायच्या

कुणालाच साल आठवत नाही, आणि सांगतात ते चुकीचं असतं. त्यामुळं "कितव्या साली" असं विचारूच नका. 1972 च्या दुष्काळाच्या आधी का नंतर? आणीबाणीत कुठल्या कारखान्यात होता? मुंबईचा 1982 चा गिरणी संप चालू असताना इथं काम वाढलं का? हा प्रश्न तर मुद्दाम विचारा, कारण गिरण्या थंडावल्यावर कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडं वळलं, आणि मुंबईहून परत आलेले कामगार इथल्या मागांवर लागले का, त्यांना इथलं काम कसं वाटलं, हे त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. पुढं 2005 आणि 2019 चा पंचगंगेचा महापूर, नोटबंदी, लॉकडाऊन. एवढ्या खुंट्या पुरतात.

दोघांचं जुळलं नाही तर मिटवामिटवी करू नका. मालक म्हणतो पगार वेळेवर होता, कामगार म्हणतो तीन आठवडे अडकला, दोन्ही तसंच ठेवा, कोण कुठल्या खुर्चीवरून बोलतंय ते लिहा.

उतरवून काढणं आणि ठेवणं

हे कंटाळवाणं आहे, पण मुलाखत झाली की आठवड्याच्या आत करा. बोललं तसंच लिहा. "सायजिंग" म्हणाले तर सायजिंग, मध्येच कानडी, उर्दू, भोजपुरी आली तर तशीच, पुढं कंसात अर्थ. प्रमाण मराठीत इस्त्री करून ठेवलेली मुलाखत कुणाची होती तेच कळत नाही. ज्या शब्दाचा अर्थ लागत नाही त्याखाली रेघ मारून पुढच्या भेटीला तो पार्ट नाहीतर ती कृती दाखवायला सांगा. फाईलच्या नावात तारीख, काम, नंबर. माणसाचं नाव वेगळ्या वहीत. कॉपी तीन, त्यातली एक गावाबाहेर, कारण पंचगंगा काय करते ते आपण बघितलंय.

शेवटी परत द्यायचं. एक कॉपी वाचनालयात, एक घरी. पण घरी पेनड्राईव्ह देऊन उपयोग नाही, कपाटात पडतो. बोलण्यातले चांगले दोन-दोन मिनिटांचे तुकडे काढा आणि आधी मामांना एकट्यांना ऐकवा. ते चालेल म्हणाले की मग सुनेच्या नाहीतर नातवाच्या व्हॉट्सॲपवर टाका. ते ऐकून कुणीतरी फोन करतंच, की आमचे आण्णा पण वहिफणीलाच होते, त्यांच्याकडं कधी येताय.