डिकन्सची पत्रं, हस्तलिखितं, फोटो: शोधायचे कुठे आणि ओळखायचे कसे

३ सप्टेंबर १८६० रोजी इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने गॅड्स हिलच्या घराजवळच्या शेतात होळी पेटवली आणि वीस वर्षांत त्याला आलेली पत्रं तिच्यात टाकली. पुढेही आलेली पत्रं ठेवायची नाहीत, असाच त्याचा शिरस्ता राहिला. त्यामुळे त्याचा पत्रव्यवहार आज एकतर्फी उरला आहे. त्याने लिहिलेली पत्रं हजारोंनी सापडतात, त्याला आलेली फार थोडी. शिवाय त्याने लिहिलेली पत्रं त्याच्या घरी नव्हे, ज्यांना लिहिली त्यांच्या घरी जमली आणि तिथून जगभर पांगली. कॅटलॉगमध्ये नुसतं ‘डिकन्स’ टाकून शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच ढीग लागतो, पत्र लागत नाही. पत्र ज्याला लिहिलं त्याच्या नावाने शोधा.

सुरुवात डिकन्सच्या पत्रांच्या छापील संग्रहापासून, म्हणजे पिल्ग्रिम आवृत्तीपासून करावी. १९६५ ते २००२ दरम्यान निघालेल्या तिच्या १२ खंडांत १४ हजारांहून जास्त पत्रं आहेत. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मूळ कागद कुठे आहे ते दिलेलं असतं, आणि मूळ मिळालं नसेल तर मजकूर कशावरून घेतला तेही. ही ओळ आधी उतरवून घ्या. खंड छापल्यानंतर काही कागदांचे मालक बदलले आहेत, तेव्हा संस्थेच्या आजच्या कॅटलॉगशी ती ताडून पाहा. २००२ नंतर उजेडात आलेली पत्रं ‘चार्ल्स डिकन्स लेटर्स प्रोजेक्ट’च्या संकेतस्थळावर मिळतात.

मोठे साठे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. दानशूर बाई अँजेला बर्डेट-कूट्स यांना लिहिलेल्या पत्रांचा मोठा गठ्ठा न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. पत्नी कॅथरीनला लिहिलेली पत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याच्या साप्ताहिकांचा सहसंपादक विल्स याला लिहिलेली बरीचशी कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन लायब्ररीत. मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टरला लिहिलेल्या पत्रांचं मात्र दुखणं आहे: डिकन्सचं चरित्र लिहिताना त्याने मूळ पत्रं कापून हस्तलिखितात चिकटवली आणि त्यातली बहुतेक नष्ट झाली. तिथे १८७२–७४ मध्ये निघालेलं चरित्र हाच आधार, आणि फॉर्स्टर तारखांच्या बाबतीत सैल होता हे धरून चालावं. मेव्हणी जॉर्जिना आणि मुलगी मेमी यांनी १८८०–८२ मध्ये काढलेली निवड तर मूळ समजून कधीच उद्धृत करू नये. त्यांनी मजकूर गाळला आहे, काही ठिकाणी दोन पत्रांचं एक केलं आहे.

कादंबऱ्यांची बहुतेक हस्तलिखितं फॉर्स्टरच्या संग्रहातून १८७६ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे गेली. ‘अ ख्रिसमस कॅरल’ आणि ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ मॉर्गनमध्ये आहेत, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ इंग्लंडमधल्या विस्बेक गावच्या छोट्या संग्रहालयात. वाचताना छापील प्रत शेजारी उघडी हवीच. उत्तरकाळात डिकन्स ओळी अशा गिरवून खोडतो की खालचं अक्षर शब्दाच्या आधाराशिवाय लागत नाही. पण खरी चैन आहे ती, कादंबरी ज्या मासिक अंकांतून निघे, त्या अंकांसाठी केलेल्या टिपणांत. कागद आडवा धरून मधोमध घडी घातलेली. उजव्या बाजूला प्रकरणांची नावं आणि त्यात काय यायचं ते. डाव्या बाजूला स्वतःलाच विचारलेले प्रश्न, अमुक पात्र या अंकात आणायचं का, आणि पुढे उत्तर: हो, नाही, अजून नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्या शाईची छटा ताडून पाहा, म्हणजे उत्तर त्याच बैठकीतलं की नंतरचं याचा अंदाज येतो.

तारीख नसलेलं पत्र हाती आलं तर आधी पत्ता बघा. डाउटी स्ट्रीट म्हणजे १८३७ ते १८३९, डेव्हनशायर टेरेस १८३९ ते १८५१, टॅव्हिस्टॉक हाउस १८५१ ते १८६०. गॅड्स हिल १८५६ मध्ये विकत घेतलं, कायमचा मुक्काम १८६० पासून. ‘ऑल द इयर राउंड’ या त्याच्या साप्ताहिकाच्या कचेरीचा पत्ता १८५९ च्या आधी असूच शकत नाही. मग वार बघा. डिकन्स तारखेचा आकडा बहुधा अक्षरात लिहितो, सोबत वारही असतो. समजा टॅव्हिस्टॉक हाउसच्या कागदावर ‘फ्रायडे, फोर्टींथ मार्च’ एवढंच आहे. तो तिथे राहत असताना १४ मार्चला शुक्रवार एकदाच आला, १८५६ मध्ये. (गॅड्स हिलचे पैसे त्याने त्याच दिवशी चुकते केले.) जानेवारीतल्या पत्रांना मात्र जपून राहा. नव्या वर्षात जुना सन लिहून जाणं कोणालाच चुकलेलं नाही, म्हणून सन लिहिलेला असला तरी वार जुळतो का ते पाहावं.

सहीवर भाळू नका. खालचे वळसे सगळ्यांना पाठ असतात, नक्कल करणाऱ्यालाही. शिवाय त्याच्या पत्रांच्या शिळाछापाच्या प्रती पूर्वीपासून छापल्या गेल्या आहेत आणि जुन्या कागदावर त्या सहज फसवतात. दहापट भिंग लावा. पिसाच्या लेखणीने लिहिलं असेल तर दाबाच्या जागी रेघ रुंदावते, आणि दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाई गडद होते. छापात सगळीकडे एकच सपाट छटा दिसते. उत्तरायुष्यात त्याची शाई बहुधा निळी आणि कागदही निळसर असतो.

फोटोंचं तंत्र वेगळं. डग्युरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा फोटो. तो आरशासारखा चमकतो, हलवला की काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं दिसतं, आणि चित्र बहुधा डावं-उजवं बदललेलं असतं. कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते पाहिलं की कळतं. त्याची पेटी उघडू नका. काच सुटून हवा आत गेली की पत्रा काळवंडतो, आणि बोट लागलं तर चित्रच पुसलं जातं. १८६० च्या दशकात मोठ्या संख्येने मिळतात ती कार्त-द-व्हिझिट: सुमारे ६४ बाय १०२ मिमीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरची प्रत. पातळ पुठ्ठा, काटकोनी कोपरे म्हणजे बहुधा १८६० चं दशक; जाड पुठ्ठा, गोल कोपरे म्हणजे बहुधा १८७० नंतर. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची छपाई. कोरलेल्या रेघा दिसल्या तर तो छापील चित्राचा फोटो, माणसाचा नव्हे.

पुठ्ठ्याची तारीख म्हणजे फोटो काढल्याची तारीख नव्हे, ही इथली सर्वात मोठी मेख. काचेची निगेटिव्ह जपून ठेवलेली असे आणि जून १८७० मध्ये डिकन्स वारल्यावर जुन्या निगेटिव्हवरून नव्याने प्रती निघाल्या. म्हणून चेहऱ्यापेक्षा वास्कट, साखळी, हाताची ठेवण पाहा आणि फोटोसाठीच्या ज्ञात बैठकीशी जुळवा. हर्बर्ट वॉटकिन्सने १८५८ मध्ये काढलेले फोटो लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. न्यूयॉर्कच्या गर्नीने डिकन्सच्या १८६७ च्या अमेरिका दौऱ्यात काढलेल्या फोटोंना एक चांगली चाळणी लावता येते. अमेरिकेत फोटोवर करतिकीट लावायची सक्ती १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढीच होती, तेव्हा त्या बैठकीच्या कार्डामागे तसं तिकीट दिसलं तर ते नंतर कोणीतरी डकवलं आहे.

भारतातही एक धागा आहे. डिकन्सचा लष्करात असलेला मुलगा वॉल्टर ३१ डिसेंबर १८६३ रोजी कलकत्त्यात वारला. बातमी बापाला ७ फेब्रुवारी १८६४ ला, बापाच्याच वाढदिवशी कळली. वॉल्टरच्या थडग्याची शिळा आता साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आहे, पण दफन तिथलं नव्हे, भवानीपूरचं. कागद हवे असतील तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये कॅडेट-अर्जांची आणि बंगालच्या दफननोंदींची मालिका पाहावी. तिथेही शोध वॉल्टरच्या नावानेच.

वाचनकक्षात जाण्याआधी शेल्फमार्क, म्हणजे संग्रहातला त्या कागदाचा क्रमांक, लिहून ईमेल करा. बरंच साहित्य बाहेरच्या गोदामात असतं, आणि ज्याचं डिजिटायझेशन झालंय ते मूळ स्वरूपात सहसा देत नाहीत. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दोन्ही जवळ ठेवा. पेन्सिलच चालते. कागद हाताळायला हात धुऊन कोरडे केले की पुरे; सुती हातमोज्यांत बोटांना कडा कळत नाही आणि कागद फाटतो. फोटोंना मात्र नायट्राइल रबराचे हातमोजे, कारण घामातल्या क्षारांनी चांदीवर डाग पडतात. फ्लॅश बंद ठेवून आधी शेल्फमार्कची चिठ्ठी, मग पत्राच्या सगळ्या बाजू, कोऱ्यासुद्धा, आणि पाकीट असेल तर त्यावरचा टपालशिक्का, या क्रमाने फोटो घ्या. स्कॅन मागवताना पत्राला ४०० डीपीआय पुरतात, कार्त-द-व्हिझिटला १२०० मागा.

छापायचं असेल तर दोन परवानग्या वेगळ्या धराव्यात. संस्था प्रतिमेचे पैसे घेते, ते मजकुराच्या हक्काचे नसतात. ब्रिटनच्या कायद्यानुसार १ ऑगस्ट १९८९ पर्यंत अप्रकाशित राहिलेल्या जुन्या लिखाणावरचा हक्क २०३९ च्या अखेरपर्यंत चालतो, लेखक १८७० मध्ये वारलेला असला तरी. म्हणून नवं पत्र सापडलं तर आधी ते पिल्ग्रिममध्ये छापलेलं आहे का, आणि असेल तर कोणत्या वर्षीच्या खंडात, हे तपासून मगच अर्ज भरा.