शेअरच्या आधी काटा

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांनीच शेअर घेऊन चालवायची कंपनी, काढायचं ठरलं, तेव्हा मी शेअरचे फॉर्म घेऊन दारोदार हिंडलो. तिसऱ्याच घरी तात्यांनी फॉर्म बाजूला सारला. "भाऊ, शेअरचं मंग पाहू. तुझा काटा कोणता ते सांग." तेव्हा मला राग आला होता. आता नवीन कोणी विचारायला आलं की मी त्याला तोच प्रश्न विचारतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याने कडता (घट म्हणून कापलेलं वजन), हमाली, तोलाई कापलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, जन्मभर पाहिलेली असते. भाव पडला तर तो बाजाराला बोल लावतो, वजन कमी भरलं तर माणसाला. म्हणून आमचा पहिला खर्च इलेक्ट्रॉनिक काट्यावर झाला. वैधमापनचा शिक्का घेतला, आकडा माल आणणाऱ्याला दिसेल असा काटा मांडला, कडता बंद. आणि पैसे आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, कारण घरचा किराणा त्याच पैशावर भरतो. या एका सवयीने जेवढे सभासद जोडले, तेवढे कुठल्याच बैठकीने जोडले नाहीत.

केळीपासून सुरुवात करा, असं सगळे सांगतील. माझं मत उलट आहे. परराज्यात गेलेल्या एका ट्रकचे पैसे अडकले तर नवी कंपनी तिथेच बसते. आम्ही भरीताची वांगी घेतली. बामणोदच्या वांग्यांचं नाव आधीपासून आहे, आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. मात्र ते चिन्ह पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ती आधी करा. थंडीत पुण्या-मुंबईतल्या खान्देशी घरांना पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर भाजायचं तेच हिरवं वांगं हवं असतं. ते गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, त्याच्यापर्यंत माल ताजा पोचवावा लागतो.

उन्हाळ्यात वांगी संपली की काम थांबू नये म्हणून दादर ज्वारी घेतली, कळण्याच्या (ज्वारीत उडीद घालून दळलेल्या) पिठासाठी. इथे आम्ही चुकलो. पुरती न वाळलेली ज्वारी घाईने पोत्यात भरली आणि पावसाळ्यात सोंडे लागले. तोटा कंपनीने सोसला, सभासदांची पट्टी कापली नाही. आता दाणा दातांखाली कडकन फुटला तरच पोतं शिवतो, आणि दळण मागणीपुरतंच. पिठासाठी अन्नसुरक्षेचा परवानाही लागतो.

कागदाचं थोडक्यात. नोंदणीला किमान १० उत्पादक आणि ५ संचालक लागतात. शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. हे गावात पुन्हा पुन्हा सांगा, कारण मोठ्या बागायतदाराच्या हाती कंपनी जाईल ही लहान शेतकऱ्याची भीती खरी असते. २०२० च्या केंद्रीय योजनेत सपाट भागात ३०० सभासद झाले तर ३ वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी १८ लाखांपर्यंत मदत धरलेली होती. पण अनुदानावर नजर ठेवून सभासद गोळा करू नका. तशी नावं यादीत राहतात, माल मात्र येत नाही.

पूर्ण वेळ मुख्य कार्यकारी नेमावाच लागतो. आम्ही गावातलीच कॉमर्स झालेली मुलगी घेतली. हिशोबाची वही ती ओट्यावर उघडी ठेवते, कोणीही चाळावी.

काम बघायला यायचं असेल तर डिसेंबरात या, सकाळी सातच्या आत. वांगी तेव्हाच काट्यावर येतात.