कर्जाच्या ॲपने कापलेले पैसे परत कसे मागायचे

कर्ज मिळवून देणाऱ्या ॲपने जास्तीचे पैसे कापले की बहुतेक जण त्याच ॲपच्या चॅटवर भांडत बसतात. तिथून ठरलेली उत्तरं येत राहतात आणि तक्रारीचे मोलाचे दिवस निघून जातात. मी बँकेतून निवृत्त झालो, आता इचलकरंजीत आमच्या वाचनालयात बसून लोकांना असे अर्ज लिहून देतो. यंत्रमागावरचे कामगार येतात, भाजीवाल्या येतात, कॉलेजची मुलं येतात. प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न एकच असतो: कर्ज खात्यात जमा झालं का, आणि झालं असेल तर कोणाकडून?

सगळं या उत्तरावर ठरतं. ॲप हा नुसता दलाल. पैसे देते ती कुठलीतरी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली, पण कर्ज देणारी वित्त कंपनी), आणि रिझर्व्ह बँकेपुढे जबाबदार तीच. सप्टेंबर २०२२ पासूनचा नियम अगदी साफ आहे: दलालाचा मोबदला कर्ज देणाऱ्या कंपनीने द्यायचा, दलालाने तो कर्जदाराकडून थेट घ्यायचा नाही. म्हणून पैसे कापले ॲपने तरी मागणी करायची ती कर्ज देणाऱ्या कंपनीकडे.

एका जॉबरचं, म्हणजे यंत्रमागाची देखभाल करणाऱ्या कारागिराचं, उदाहरण सांगतो. कर्ज मंजूर झालं ३०,००० रुपये, खात्यात आले २७,६४०. त्याचा समज असा की प्रोसेसिंग फी एवढीच असते. मी त्याला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाची रक्कम, व्याज आणि सगळे आकार एका जागी दाखवणारा कागद, उघडायला लावलं. कर्ज देण्याआधी हा कागद द्यावाच लागतो. मेलवर नाहीतर ॲपमधल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये सापडतो. त्यात प्रोसेसिंग फी ९०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०६२ रुपये. कापले होते २,३६०. उरलेले १,२९८ रुपये ‘सर्व्हिस असिस्टन्स’ नावाने गेले होते आणि त्या कागदावर त्यांचा उल्लेखही नव्हता. रिझर्व्ह बँकेचं १५ एप्रिल २०२४ चं परिपत्रक सांगतं की या स्टेटमेंटमध्ये न दाखवलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना हा नियम लागू आहे.

मग मेल. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो, त्याच पत्त्यावर पाठवायचा. मजकूर थोडका ठेवा. आम्ही लिहिला तो असा:

‘माझा कर्ज खाते क्रमांक अमुक. मंजूर रक्कम ३०,०००, प्रत्यक्ष जमा २७,६४०. की फॅक्ट स्टेटमेंटप्रमाणे वजावट १,०६२ हवी होती. १,२९८ रुपये जादा कापले आहेत, ते माझ्या खात्यात परत करावेत. या आकाराला मी संमती दिली असं आपलं म्हणणं असेल, तर त्या संमतीची तारीख, वेळ आणि मला दाखवलेला मजकूर पाठवावा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘तुम्हीच टिक केलं होतं’ हे उत्तर हमखास येतं, आणि खूप वेळा ती टिक आधीपासून केलेलीच असते. पुरावा मागितला की बोलणं बदलतं. सोबत स्टेटमेंट, बँकेच्या नोंदीचा फोटो आणि ॲपचे स्क्रीनशॉट जोडा. ॲप रागाने डिलीट करू नका, त्यातच तुमचे कागद आहेत. जॉबरचे पैसे महिना भरायच्या आत परत आले.

नाही आले, ३० दिवसांत उत्तरच मिळालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर करायची, फी लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन केला तर मराठीत बोलता येतं. कंपनीला आधी लेखी कळवलं नसेल तर तक्रार तिथेच फेटाळली जाते, म्हणून तो पहिला मेल जपून ठेवा.

दुसरा प्रकार: कर्ज मिळालंच नाही, पण ‘मेंबरशिप’ किंवा ‘क्रेडिट रिपोर्ट’ म्हणून दर महिन्याला ४९९ जातात. इथे आधी गळती थांबवा. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून ते मँडेट (पैसे आपोआप कापायची दिलेली परवानगी) रद्द करा, कार्डावर असेल तर बँकेला सांगा. मग परताव्याचा मेल करा, आणि दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. सहज न सुटणारी वर्गणी गळ्यात मारणं, किंमत शेवटच्या पानापर्यंत लपवणं हे सगळं ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला चकवणारी ॲपची मांडणी) मार्गदर्शक सूचनांत बसतं. तक्रारीत तसं लिहा. आणि रिपोर्टला पैसे कशाला? लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसकट चारही क्रेडिट कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो.

तिसऱ्या प्रकाराचं मला सगळ्यात वाईट वाटतं. ‘फाइल चार्ज भरा’, मग ‘विमा भरा’, मग ‘जीएसटी भरा’, आणि कर्ज देणारी कंपनी कोण ते कोणालाच ठाऊक नाही. ही फसवणूक आहे, इथे मेल लिहीत बसू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), रक्कम, तारीख हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत नोंद झाली तर ते गोठवता येतात. लाजेपायी रात्रभर गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी, तुम्हाला नाही.

इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथे ‘रिफंड देतो’ म्हणणारे दुसरे ठग बसलेले असतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

कुठेच दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आमचा कोल्हापुरात. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि आपली बाजू स्वतः मांडता येते.