शिसं नाही, तरी आरओएचएसमध्ये नापास: आमच्या हार्नेसचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमधून कंट्रोल बोर्ड युरोपला जातात. सोल्डर केव्हाच शिसंमुक्त झालंय, तरी एका लॉटचा आरओएचएस (इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपचा नियम) रिपोर्ट नापास आला. वायर हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) पीव्हीसी स्लीव्हमध्ये डीईएचपी, म्हणजे पीव्हीसी मऊ करायला घालतात ते रसायन, मर्यादेबाहेर होतं.

पुरवठादाराचं प्रमाणपत्र होतं, पण नियमातल्या शिसं, कॅडमियम अशा जुन्या सहा पदार्थांपुरतं. युरोपात 22 जुलै 2019 पासून चार थॅलेट्सनाही मर्यादा लागू झाली; डीईएचपी त्यांतलंच एक. मर्यादा 0.1 टक्के, कॅडमियमला 0.01. ही टक्केवारी अख्ख्या बोर्डावर नाही, प्रत्येक एकजिनसी पदार्थावर मोजतात. तांब्याची तार वेगळी, तिचं आवरण वेगळं. त्यामुळे स्लीव्ह एवढीशी असली तरी सुटका नाही.

एक्सआरएफ गनवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) शिसं दिसतं, थॅलेट दिसत नाही. त्यासाठी लॅबमध्ये जीसी-एमएस चाचणीच (रसायनं वेगळी करून ओळखणारी) करावी लागते.

स्लीव्ह पॉलिओलेफिन या दुसऱ्या प्लास्टिकची घेतली, तर आता रबरी ग्रोमेटमध्ये (तार भोकातून जाते तिथलं कडं) डीईएचपी सापडलं! खरी मेख इथेच होती. थॅलेट पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, त्यामुळे लागून ठेवलेल्या दुसऱ्या मऊ वस्तूत ते हळूहळू उतरतं. ग्रोमेट जुन्या स्लीव्हसोबत एकाच बिनमध्ये होते आणि टेबलावर मऊ पीव्हीसीची मॅट.

मग बिन वेगळे केले, मॅट थॅलेटमुक्त आणल्या, हातमोजे नायट्राइलचे. जुना साठा लाल टॅग लावून बाजूला काढला. पुढचा लॉट पास झाला. आता प्रत्येक खरेदी ऑर्डरवर दहाही पदार्थांची नावं लिहूनच देतो, आणि मऊ प्लास्टिक असेल तर लॅब रिपोर्टशिवाय माल आत घेत नाही.