क्विकड्रॉच्या या चुका टाळा, सुरुवात रबरापासून करा

जुलै २०१३. फ्रान्समधल्या ऑर्पिएरला तीतो त्राव्हेर्सा हा १२ वर्षांचा इटालियन मुलगा कातळारोहण करताना वॉर्म-अपच्या सोप्या रूटवरून कोसळला आणि काही दिवसांत गेला. आठ-बी-प्लस या अतिशय कठीण श्रेणीचे रूट चढलेला हा मुलगा. क्विकड्रॉ म्हणजे विणलेल्या पट्टीच्या (स्लिंग) दोन टोकांना दोन कॅराबिनर, म्हणजे उघडणारं गेट असलेल्या धातूच्या कड्या; एक कातळातल्या बोल्टला लावायचा, दुसऱ्यात रोप अडकवायचा (क्लिप करायचा). त्याच्या १० क्विकड्रॉपैकी ८ चुकीचे जोडलेले होते. कॅराबिनर स्लिंगमधून गेलेच नव्हते, फक्त स्लिंगच्या टोकावरच्या छोट्या रबरात अडकले होते.

रबराचं काम एकच, रोपकडचा कॅराबिनर फिरू न देणं. शरीराचं वजन ते पेलत नाही, तुटतं. आणि घात असा की चुकीचा जोडलेला क्विकड्रॉ बाहेरून अगदी नीट दिसतो. धुतल्यावर किंवा रबर बदलल्यावर घाईत ही चूक होते. त्यामुळे क्रम मोडू नका: स्लिंगचं टोक रबरातून पूर्ण बाहेर काढा, कॅराबिनर आधी स्लिंगच्या फासात घाला, मगच रबर वर सरकवा. शेवटी रबर बाजूला सारून स्लिंग कॅराबिनरभोवती फिरलेली डोळ्यांनी पाहा आणि जोरात ओढा. दुसऱ्याचा क्विकड्रॉ घेतलात तर प्रत्येक नग असाच तपासा. दहा क्विकड्रॉ तपासायला दोन मिनिटं लागतात, तेवढीही ज्याला जड वाटतात त्याने लीड करू नये, म्हणजे रोप क्लिप करत सर्वात पुढे चढू नये.

सह्याद्रीतल्या वळणावळणाच्या रूटवर ६० सेंमीची स्लिंग लांब करून वापरतात. तिच्यावर रबर लावायचंच नाही. लांब स्लिंगचा एक पदर कॅराबिनरवरून उलटला की वरवर सगळं ठीक दिसतं, पण कॅराबिनर फक्त रबरावर लोंबकळत राहतो.

दुसरी चूक बॅक-क्लिपची, म्हणजे रोप उलटा अडकवण्याची. बिलेयरकडून (खाली उभा राहून रोप सांभाळणाऱ्याकडून) येणारा रोप कातळाच्या बाजूने कॅराबिनरमध्ये शिरून बाहेर, तुमच्याकडे निघायला हवा. उलटा गेला तर पडताना रोप गेटवर आडवा येतो, गेट उघडतं आणि क्लिप सुटते. गेटची दिशाही बघा: रूट उजवीकडे जात असेल तर गेट डावीकडे हवं. गेट बंद असताना कॅराबिनरची ताकद किमान २० किलोन्यूटन, उघडं असताना किमान ७. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा.

बोल्टकडची आणि रोपकडची बाजू अदलाबदल करू नका. हँगरच्या (बोल्टवरच्या भोकाच्या धातूच्या पट्टीच्या) धारेने कॅराबिनरला खरवडे पडतात आणि तीच बाजू पुढच्या वेळी रोपला लावली की रोपचं आवरण सोलतं. रबर नेहमी रोपकडे, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. रूटवर कायम टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या क्विकड्रॉवर, विशेषतः पहिल्या बोल्टच्या, रोप घासून खोबण आणि धार तयार होते. बदामीला असा क्विकड्रॉ दिसला तर बोट फिरवून बघा, धार लागली तर स्वतःचा लावा.

घाईने डोक्यावरचा बोल्ट क्लिप करणं नवख्यांना फार आवडतं. कमरेपासून १ मीटर वरच्या बोल्टसाठी रोप ओढताना हात सुटला, तर बोल्ट कमरेशी आणून क्लिप करताना पडाल तेवढंच अंतर पडता, पण १ मीटर खालून सुरुवात केल्याने थांबताही १ मीटर खाली. दुसऱ्या-तिसऱ्या बोल्टला तो मीटर म्हणजे जमीन. पाय चांगले असतील तर आणखी एक मूव्ह करा, मग क्लिप.

बोल्ट जवळजवळ असतील तर रोप खालच्या क्लिपच्या खालून उचलला जातो आणि झेड पडतो, म्हणजे रोप इंग्रजी Z सारखा वळतो आणि ओढताच जड होतो. रोप नेहमी हार्नेसच्या गाठीपासून हात सरकवत घ्या.

हँगरच्या भोकात बोट घालू नका.

स्लिंग कितीही कमी वापरलेली असो, १० वर्षांनी फेकायची. कॅराबिनर ठेवा.

वरच्या अँकरला (रूटच्या शेवटच्या बोल्टना) टॉप-रोपसाठी, म्हणजे रोप वरून टाकून चढण्यासाठी, एकच क्विकड्रॉ लावू नका. दोन लावा, गेट परस्परविरुद्ध दिशेला, आणि जमलं तर रोपकडचा एक कॅराबिनर लॉकिंग ठेवा.