पार्किंगमध्ये मांजराचं पिल्लू सापडलं? आधी त्याचे दात बघा

नेरूळ, खारघर घ्या नाहीतर ठाण्यात घोडबंदर रोड, पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिल्लं सापडतातच, कोणाच्या तरी स्कूटरच्या आडोशाला किंवा मीटर रूमच्या मागे, आणि मग ग्रुपवर पहिला मेसेज येतो की वाटीत दूध ठेवलंय पण पीत नाहीये. कृपा करून पिशवीचं दूध देऊ नका, त्याने जुलाब लागतात आणि एवढ्याशा जीवाला तेवढंच पुरतं. आधी लांबून थोडा वेळ आई येते का बघा, नाहीच आली तर मग उचला आणि दात बघा. दातांवरून वय कळतं आणि वयावरून खायला काय द्यायचं ते.

जबडा उघडायची गरज नाही. पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या, मागून डोकं धरा आणि अंगठ्याने वरचा ओठ बाजूने हळूच उचला, मोबाईलचा टॉर्च कोणालातरी धरायला सांगा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, पिल्लू आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

नुसत्या गुलाबी हिरड्या दिसल्या, दात एकही नाही, तर पिल्लू साधारण दोन-तीन आठवड्यांच्या आतलं आहे. याला किटन मिल्क रिप्लेसरच, म्हणजे आईच्या दुधाऐवजी पिल्लांना द्यायचं दूधच लागतं, पेट शॉपमध्ये पावडर मिळते, दर दोन-तीन तासांनी बाटलीने, रात्रीसुद्धा. पाजताना पोटावर ठेवा, बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. आणि अंग गार लागत असेल तर आधी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, ऊब आल्याशिवाय पाजू नका, गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.

पुढचे बारीक दात, तांदळाच्या कणीएवढे, दोन ते चार आठवड्यांत येतात, सुळे तीन ते चारमध्ये, त्यामागचे चार ते सहामध्ये. सुळे दिसले आणि मागचे फुटायला लागले की पावडरच्या दुधात कालवलेलं किटन वेट फूड (पिल्लांसाठीचं तयार ओलं खाणं) ताटलीत द्यायला सुरुवात करा. दीड-दोन महिन्यांत दुधाचे २६ दात पूर्ण होतात आणि मग पुढचा दीडएक महिना दातांवरून काही कळत नाही, तिथे किचनचा वजनकाटा कामाला येतो, चांगलं खातंपितं पिल्लू महिन्याला साधारण अर्धा किलोच्या हिशोबाने वाढतं.

साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे दात पडून पक्के यायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत ३० होतात. जास्तीचे चार म्हणजे सगळ्यात मागच्या दाढा, त्या दुधाच्या दातांत नसतातच. पडलेले दात बहुतेक पिल्लं गिळून टाकतात, त्याने काही होत नाही. खेळण्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला तरी घाबरू नका. या काळात हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चार्जरच्या वायरी, तुमची बोटं, सगळं चावतं. वायरी झाकून ठेवा, ओला नॅपकिन पिळून फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या, पण दोरा-लोकर अजिबात नको, गिळली की आतड्यात अडकते आणि थेट ऑपरेशन. आणि दुखत असेल म्हणून क्रोसिन वगैरे पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. मांजराच्या लिव्हरला ती निकामी करता येत नाही, जीव जातो.

या वयात आठवड्यातून एकदा ओठ उचलून बघत जा. कधीकधी पक्का सुळा येतो पण दुधाचा पडतच नाही, एकाच जागी दोन सुळे शेजारी शेजारी दिसतात. मध्ये अन्न अडकतं, हिरडी सुजते, पक्का दात वाकडा येतो. नसबंदीसाठी साधारण याच वयात नेताच, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे त्याच भुलीत काढून होतो, दुसऱ्यांदा भूल द्यायला लागत नाही.

ब्रशची सवयही लहानपणीच लावा, मोठ्या बोक्याला नंतर धरणं फार अवघड. आधी नुसतं बोट गालाच्या आत फिरवा, मग बोटाला गॉज, मग मऊ छोटा ब्रश, पण दात बदलताना हिरडी दुखरी असेल तर काही दिवस थांबा. पेस्ट मांजरांचीच घ्या, आपली नको, मांजर चूळ भरत नाही, सगळं पोटात जातं. वरच्या मागच्या दातांची बाहेरची बाजू नीट झाली तरी खूप, कीटण तिथेच जास्त धरतं.

मांजर दुखणं लपवतं, दात दुखत असतानाही जेवायला येतं. म्हणून तोंडाला घाण वास, लाळ गळणं, एकाच बाजूने चावणं, वाटीपाशी जाऊन न खाता परत फिरणं, यातलं काहीही दिसलं तर व्हेटकडे न्या, आणि पिल्लाने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.